स्वच्छ नागरिक पक्षाचं लवाद मंडळ

८ जानेवारी
मोठ्या पक्षाच्या तोंडावर राजीनामा फेकला. एकोणीस वर्षं पत्रकं वाटली, आणि नगरपालिकेचं तिकीट कोणाला? एका विमा एजंटला. शिसारी आली. स्वतःचा पक्ष काढणार. सप्टेंबरच्या निवडणुकीत मी नगरपालिकेत, हे नक्की.

१५ जानेवारी
पबच्या मागच्या खोलीत 'स्वच्छ नागरिक पक्ष' स्थापन. अध्यक्ष मी. सभासद सात, त्यातले चौघं फुकटच्या बटाट्याच्या सॅलडसाठी आलेले. भाषणभर त्यांच्या खाण्याचा मचमच आवाज. इथल्या कायद्यानं पक्षाला आतले तंटे सोडवणारं लवाद मंडळ लागतं, म्हणून इर्मट्राउटला प्रमुख केलं. घरची बायको बरी. म्हणाली, मी नियमानंच चालेन हं. म्हटलं, चाल की, नियम मीच लिहिलेत.

२ फेब्रुवारी
माझं भाषण रंगात, आणि आमचा एक सभासद, दातांचा डॉक्टर क्नोप, उठून शेजारी बोलिंग खेळायला! लवादाकडे तक्रार केली. इर्मट्राउटनं नुसती ताकीद दिली. किती हा मवाळपणा. नवा नियम मंजूर करून घेतला: सभेत सभासदाचा अपमान केला की थेट हकालपट्टी. आता बसेल वचक.

१९ फेब्रुवारी
आजच्या सभेत पुन्हा सॅलडवर झुंबड. 'खादाड डुकरांनो' म्हणालो. खरं तेच बोललो. क्नोपनं लवादाकडे धाव घेतली. घेऊ दे.

२७ फेब्रुवारी
लवाद बसला, आमच्याच स्वयंपाकघरात. मला जिन्यात उभं केलं. निकाल: अध्यक्षांची हकालपट्टी. अगं, नवरा आहे मी तुझा, म्हटलं. ती म्हणाली, म्हणून तर सूट देता येत नाही. चल, सूप निवतंय. वीट आला या पक्षाचा. सूप प्यायलो. माझ्यावाचून यांचं पान हलणार नाही. येतीलच रडत.

३ एप्रिल
कोणी रडत आलं नाही. पक्ष एकमतानं विसर्जित. सगळे मोठ्या पक्षात. विमा एजंटची बदली झाली म्हणे. तिकीट रिकामं. आता त्यांना माझी आठवण होणारच. फोनजवळ बसून आहे.

५ एप्रिल
फोन आला. इर्मट्राउटसाठी. नवऱ्यालाही न सोडणारी बाई त्यांना हवीच होती म्हणे. तिकीट तिला. फार लागलं मनाला. रात्री जेवलो नाही.

२० ऑगस्ट
मोठ्या पक्षाची पोरं पोस्टरं वाकडी लावतात. बघवत नाही. राजकारणाशी आपला संबंध संपला, पण शिडी आपली आहे. सकाळपासून आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या खांबांवरची पोस्टरं सरळ केली, गवंड्याची लेव्हल लावून. इर्मट्राउटचा फोटो छान आलाय.