नदीपलीकडे पोचवलेला सुतार

लॉवेल, फेब्रुवारी १८५६

प्रिय असाहेल,

तुझं पत्र परवा पोचलं. कॅन्ससमध्ये बैलजोडी घेतलीस, ओंडक्यांचं घर उभं राहतंय, हे वाचून आधी हसूच आलं. आई कान धरून उठवायची तेव्हा कुठे डोळे उघडणारा आमचा आळशी असाहेल आता दीडशे एकरांचा धनी! 'ताई, गिरणी सोड, इथे मोकळ्या हवेत ये,' म्हणतोस. खोकला अजून आहे रे. धोट्याच्या भोकातून तोंडाने दोरा ओढायचा, त्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाते. आणि खिडक्या बंद, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. आमचा जीव गेला तरी चालेल, सूत तुटता कामा नये!

मागच्या वसंतात एकीला दोनाऐवजी चार माग दिले, तेव्हा आम्ही काम टाकून रस्त्यावर आलो. 'आम्ही काय गुलाम आहोत?' म्हणून घसा फोडून ओरडलो. मुकादम दारात उभा राहून म्हणाला, "बायांनो, कोणी बांधून ठेवलंय? दार उघडं आहे, चालू लागा." त्याचं स्वातंत्र्य एवढंच. चौथ्या दिवशी आम्ही मुकाट्याने परतलो आणि पुन्हा तेच जाडंभरडं कापड विणू लागलो, जे दक्षिणेत गुलामांच्या अंगावर जातं. कापूसही त्यांनीच वेचलेला. आमच्या खाणावळीत धुणं धुणारी डॉर्कस तुला आठवते ना? तुझ्या सदऱ्यांना इस्त्री तीच करायची. ती त्या दिवशी चादर पिळता पिळता म्हणाली, "बाई, गुलाम कसे असतात ते माझ्या आईला विचारायचं होतंत." मला तेव्हा तिचा राग आला होता. आता माझीच लाज वाटते.

तिचा नवरा जोनस सुतार आहे. जन्म इथलाच, कधीच कोणाचा गुलाम नव्हता. पण काळ्याच्या शेजारी रंधा मारायला इथले सुतार तयार नाहीत, म्हणून तो गेल्या उन्हाळ्यात पश्चिमेला गेला. सप्टेंबरनंतर त्याचं पत्र नाही. डॉर्कसला वाचता येत नाही, त्यामुळे टपाल आलं की ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. तुझं पत्र आलं तेव्हाही होती.

कॅन्ससमध्ये गुलामगिरी शिरू द्यायची नाही म्हणून तुम्ही गात गात निघालात, तेव्हा मी स्टेशनवर रडले होते, अभिमानाने. तू लिहितोस, डिसेंबरात तिथल्या नव्या राज्यघटनेसाठी तुम्ही मतं टाकली: गुलामगिरी नको, आणि काळा माणूसही नको, गुलाम असो वा नसो. कमाल आहे! गुलामगिरीचा तिटकारा असलेला माणूस गुलामांच्या जातभाईंना दार उघडेल, असं मी धरून चालले. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आता तुझ्या शेवटच्या ओळींबद्दल. ऑक्टोबरात एक काळा सुतार दारात आला, पाकिटावर माझं अक्षर होतं, त्याने चोरलं असणार म्हणून शेजाऱ्याने ते न उघडताच चुलीत टाकलं, तू काही बोलला नाहीस, आणि चौघांनी मिळून त्याला नदीपलीकडे मिसुरीत पोचवलं. वर मलाच विचारतोस, ताई, तुझं पत्र त्याच्याकडे कसं? मी दिलं, असाहेल. 'हा जोनस, भला माणूस आहे, तुझं घर बांधेल, भावासारखा ठेव,' असं लिहिलं होतं. तो जन्मापासून स्वतंत्र असल्याचा शिक्क्याचा कागदही मीच आग्रहाने त्यात घातला, वाटेत हरवू नये म्हणून. तो कागद नसलेल्या काळ्याला मिसुरीत पळालेला गुलाम समजून विकतात, हे तुलाही ठाऊक आहे. तुम्ही त्याला कोणत्या धक्क्यावर उतरवलं, कोणाच्या ताब्यात दिलं, त्या माणसाचं नाव काय, एवढंच उलट टपाली कळव. इथे एक वकील खटपट करायला तयार आहे. डॉर्कस समोरच बसली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही, जीभच रेटत नाही. ती म्हणते, "तुमच्या भावाने जोनसला सांभाळलं असेल, त्यांचे उपकार झाले, हेही लिहा." लिहिलं.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

लोव्हिना