प्रतिवादी क्रमांक एक

कर्जत,
रविवार

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढं काहीच नाही, म्हणून शेवटी हे पत्र. पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. दाव्यावरून भांडायला बसलेली नाही गं मी. भांडणं ऐकून ऐकून कान किटलेत माझे, दिवसभर कोर्टाच्या त्या खिडकीत बसून दुसरं करते काय?

तुझा दावा माझ्याच खिडकीतून आत आला, हे वकिलांनी सांगितलं का तुला? जेवणाची सुट्टी नुकती संपली होती, पंखा बंद, रांग दारापर्यंत. मी कागद नेहमी उलटे तपासते. आधी कोर्ट फीचा स्टँप, मग सह्या, वकीलपत्र, सातबारे, पानांचे नंबर. पक्षकारांची नावं सगळ्यात शेवटी, कारण तिथं सहसा चूक नसते. लोक सातबारा आणायला विसरतील, पण आपण कुणाशी भांडतोय ते विसरत नाहीत. सगळं बिनचूक आहे म्हणून शिक्का उचलला आणि वंशावळ दिसली. बाबांचं नाव, पुढं कंसात मयत, खाली आपण तिघं. वादी प्राची. प्रतिवादी क्रमांक एक आई, दोन रूपेश आणि तीन मी. शिक्का मारला. काय करणार, कागद बरोबर होते आणि मागचा माणूस घाई करत होता. मग साहेबांना लेखी कळवलं की यात मी पक्षकार आहे, आणि फाईल शेजारच्या टेबलावर गेली. माझं समन्स कान्हा बेलिफानं मला जागेवरच दिलं. सही घेताना त्यालाच इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्याला चहा मी पाजला.

तुझं चुकलं असं मी कधी म्हटलेलं नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला पानं वाढलेली असताना रूपेशनं हक्कसोडीचा कागद पुढं करायला नको होता. नेरळच्या त्या बिल्डरला घाई असेल, आपल्याला काय घाई होती? पोशीरची ती रस्त्याकडची खाचरं बाबांनी तिघांच्या देखत कसली, तिघांकडून लावणी करून घेतली. तू पानावरून उठून गेलीस. मी असते तुझ्याइतकी तापट, तर मीही उठले असते. पण मी पडले कोर्टातली बाई. माझा राग तारखेला धावतो आणि तारीख पुढं जाते.

लोकांना वाटतं कोर्टात न्याय मिळतो. मिळतो, नाही असं नाही, पण आमच्या खिडकीत मिळते ती तारीख. नक्कल कधी मिळेल, साहेब रजेवर आहेत का, आमचा नंबर लागेल का, एवढंच दिवसभर. बोलून बोलून संध्याकाळी घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. कशेळ्याच्या पलीकडून एक म्हातारा येतो, चांगो नावाचा. धाकट्या भावावर, पदूवर, त्याचा बांधावरून दावा. दोघंही एकाच जीपनं यायचे, कारण सकाळी तेवढी एकच जीप. हा पुढं, तो मागं, तोंडातून शब्द नाही. शिपायानं दारात उभं राहून नावांचा पुकारा केला की दोन बाजूंनी दोन हात वर व्हायचे, पुढची तारीख पडायची आणि दोघं त्याच जीपनं परत. तारीख आता मोबाईलवर कळते, उगीच हेलपाटे घालू नका, हे सांगून मी थकले. गेल्या महिन्यात चांगो एकटाच आला. पदू गेला म्हणाला. मी सवयीनं सांगून मोकळी झाले की मृत्यूचा दाखला आणा, त्याचे वारस लावावे लागतील. त्यानं सगळं निमूट ऐकून घेतलं आणि खिडकीचा गज धरून विचारलं, “बाय, तारखेला तरी दिसायचा तो. आता मी कोनाला बघाया येऊ?” मी त्याला पाणी दिलं.

तर मुद्द्यावर येते. कान्हा आईचं समन्स घेऊन पोशीरला गेला होता. नियमाप्रमाणं त्यानं वाचून दाखवलं, समजावलं की काकू, हे कोर्टाचं बोलावणं हाय, प्राचीकडून आलंय. आईनं त्यातलं ‘प्राचीकडून’ तेवढं ऐकलं. अंगठा दिला, कान्हाला बसवून घावन खाऊ घातलं आणि तो कागद हळदकुंकू लावून देवांपुढं ठेवला. कान्हा दुसऱ्या दिवशी मला सांगत होता, लोक मला बघून दार लावून घेतात, शिव्या घालतात, एकानं तर कुत्रा सोडला होता, पण समन्साला कुंकू लागलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अहवालात त्यानं ‘समक्ष बजावले’ एवढंच लिहिलं.

आज सकाळी मी पोशीरला जाऊन आले. म्हटलं, तिला खरं काय ते सांगायला हवं. ती ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी सांगितलं, आई, हे बोलावणं म्हणजे लग्नाची पत्रिका नव्हे, ताईनं आपल्या तिघांवर दावा लावलाय, जमिनीत हिस्सा मागितलाय. तिचं सूप थांबलंसुद्धा नाही. “लावंना,” म्हणाली. “तिचा पन बापूस व्हता. मला येवढंच सांग, ती येल ना?” रूपेशनं तिला सांगून पाहिलं की वकील देऊ, तू कशाला कोर्टाची पायरी चढतेस. त्यालाही तिनं एकच ऐकवलं, मला बोलावलंय, मी जानार. तू दिलेलं दिवाळीचं लुगडं कपाटातून काढून उशाशी ठेवलंय. पुकारा झाला की ‘हजर’ म्हणायचं, हे कान्हानं शिकवलंय, तर काम करता करता मध्येच हळूच म्हणून बघते. हसू आलं मला.

मला आमच्याकडची रीत माहीत आहे. पहिल्या तारखेला वादी कोण कशाला येतोय? वकील उभा राहतो, पुढची तारीख पडते. कायद्यानं त्या दिवशी तुझी गरजही नाही. आई मात्र बाहेरच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसलेली असेल. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. तू त्या दिवशी उपाशी गेलीस, ते तिच्या मनातून जात नाही. एवढ्यासाठीच लिहायला बसले. दावा काढून घे म्हणत नाही, रूपेशला माफ कर म्हणत नाही. हिस्सा तुझा आहे, हक्कानं घे. फक्त चोवीस तारखेला वकिलाच्या भरवशावर राहू नकोस, स्वतः ये. आई ‘हजर’ म्हणून इकडंतिकडं बघेल, तेव्हा तू समोर दिसायला हवीस. आणि यायचंच नसेल, तर दोन दिवस आधी मला तेवढं कळव. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलायचा, आणि तिची बोटं आता फार दुखतात. तू येणार नसशील तर मी तिला वाल भिजत घालू देणार नाही.

तुझीच,
संजू