भोकं नसलेलं बटण

आदरणीय वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा पायांना हात लावून नमस्कार. (हात मनातल्या मनात लावला आहे. खरोखर वाकले असते तर तिथेच आडवी झाले असते, कारण सध्या वाकलं की खोली माझ्याभोवती फेऱ्या मारते.) तुमची तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं का, हे सगळं मी विचारलं असं समजा. ऑपरेशनला दोन वर्षं झाली असं तुमचे बंधू सांगतात, म्हणजे विचारायला जरा उशीरच झाला. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. तुमचे बंधू खुशाल आहेत. मी नाही. मला भीती वाटते, वन्सं. कशाची ते विचारू नका, म्हणजे विचारा, पण मला सांगता येणार नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून एवढं लांब पत्र मी कोणाला लिहिलेलं नाही. ओळी वरखाली गेल्या तर हिचा हात थरथरतोय असं समजून वाचा. तो खरंच थरथरतोय.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिची सवय गेली नाही, मधूनच सुरू करते. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावते. बावीस वर्षं तेच. (तिथे मला सगळ्या कात्री म्हणतात, आणि ते शिवणकामामुळे म्हणत नाहीत हे मला कळतं.) तर गेलं वर्षभर माझं काहीतरी बिघडलं होतं. मशीनपुढे बसायचे, कॉलर दाबाखाली घ्यायचे, आणि पाय पेडलवर तसाच. दाबायचा कशाला, असं वाटायचं. एकदा कामावरून आले आणि किल्ली हातात घेऊन आमच्याच दाराबाहेर जिन्यावर बसून राहिले, तासभर. दार उघडायला किल्ली फिरवावी लागते, आणि तेवढंही नको वाटत होतं. तुमचे बंधू आले, त्यांनी विचारलं, किल्ली हरवली का. मी म्हटलं हो. किल्ली माझ्या मुठीत दिसत होती, पण ते काही बोलले नाहीत. तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, अडकलेल्या माणसांशी बोलायचं नसतं असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं असावं.

डॉक्टरकडे मी पोटासाठी गेले होते, हे आधी स्पष्ट करते. पोटात सारखा गोळा यायचा. डॉक्टरीणबाई माझ्या लग्नानंतर जन्मलेली असेल. तिने पोट दाबून पाहिलं, आणि मग नको ते विचारायला लागली. झोप लागते का, रडू येतं का. मी म्हटलं, रडायला वेळ कुणाला आहे. मग म्हणाली, शेवटचं कधी हसलात. आता हा काय पोटाचा प्रश्न झाला? मी उत्तर शोधायला लागले, आणि वन्सं, मला सापडेना. शोधता शोधता मी अशी रडले की बाहेर बसलेला पेशंट दार ढकलून बघून गेला. तिने गोळ्या लिहून दिल्या. पहिला आठवडा अर्धी, मग पूर्ण. वर म्हणाली, पहिले दोन-तीन आठवडे त्रास होईल, गुण त्यानंतर येईल, आणि स्वतःच्या मनाने मधेच बंद करायची नाही. आधी त्रास आणि मग गुण, हे कुठलं औषध? पण मी मनाला समजावलं की आपण नाही का नवं कापड आधी भिजवून आटवून घेत आणि मगच कात्री लावत, तसं असेल. या वेळी आटणारं कापड आपण आहोत हे तेव्हा लक्षात आलं नाही.

गोळीच्या खोक्यात एक कागद होता. उलगडत गेले तर टेबलावरून खाली लोंबायला लागला. अक्षर मुंगीएवढं, त्यामुळे तुमच्या बंधूंनी वाचून दाखवला, लिफ्टच्या सूचना वाचतात तसा, प्रत्येक ओळीनंतर थांबून. मळमळ. तोंड कोरडं पडणं. घाम. थरथर. जांभया. पायात चुळबुळ. अस्वस्थपणा वाढणं. मी म्हटलं, मी अस्वस्थ आहे म्हणून तर हे घेतेय. ते म्हणाले, तसं छापलंय. मग 'क्वचित' अशी एक वेगळी यादी होती. क्वचित म्हणजे किती, तर हजारात एक. ती एक मी नसेनच असं त्यांना कुणी सांगितलं? वन्सं, त्या कागदावरचं मला सगळं झालं. एक त्रास तेवढा होईना, त्याची मी दोन दिवस वाट पाहिली, मग तुमच्या बंधूंनी सांगितलं की तो पुरुषांना होतो. हे त्यांना आधी वाचता आलं नाही.

जीभ तर कॉलरमधल्या बकरमसारखी ताठ झाली होती. सकाळचा चहा समोर आला की पोट घशाशी यायचं. जांभया अशा की जबड्याचा आवाज शेजारच्या मशीनवर ऐकू जायचा. कटिंग मास्तर नवीन ऑर्डरचं समजावून सांगत होते आणि मी त्यांच्या तोंडावर ओळीने सात जांभया दिल्या. त्यांना वाटलं मुद्दाम देते. (एरवी मुद्दाम दिल्याही असत्या.) सुईत दोरा ओवायला माझ्याकडे पोरी यायच्या, ती मी आता दोरा चाटत बसते आणि सुईचं नेढं हलतं की माझा हात, तेच कळत नाही. एकदा पायाने चुळबुळ केली आणि पेडल दाबलं गेलं, एका शर्टाची बाही कॉलरलाच शिवली गेली. तो शर्ट घालणारा सारखा हात वर करून उभा राहिला असता.

इथपर्यंत हसलात तर हसा. यापुढचं हसण्यासारखं नाही. छातीत कुणीतरी मशीन चालू ठेवून निघून गेलंय आणि खाली कापड नाही, असं दिवसभर वाटतं. मी कुणाला घाबरले नाही कधी, तुम्हीच म्हणायचात की हिच्यापुढे पोलीस उभा राहिला तर तोच माफी मागेल. ती मी आता इस्त्रीला घाबरते. फोन वाजला की घाबरते. रस्ता ओलांडायला उभी राहते आणि सिग्नल तीनदा हिरवा होऊन जातो. पाचव्या-सहाव्या दिवशी बसल्या बसल्या मनात आलं, आपण नसलो तर कॉलर कोण लावेल. आणि लगेच उत्तर आलं, कोणीही लावेल. बस, एवढंच. पण ते इतकं शांतपणे आलं, वन्सं, की मी मशीन बंद करून उठले आणि माणसं होती तिथे जाऊन उभी राहिले. घरी येऊन तुमच्या बंधूंना सांगितलं. त्यांनी बूट काढले होते ते परत घातले आणि मला धरून डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिने खूप वेळ घेतला. म्हणाली, सांगितलंत ते फार चांगलं केलंत, असा विचार आला की दर वेळी सांगायचं, वाट बघायची नाही, दिवस असो की रात्र. तिचा स्वतःचा नंबर दिला. तो तुमच्या बंधूंनी फ्रिजवर, लिफ्ट कंपनीच्या तक्रार नंबरच्या वर चिकटवलाय. त्यांच्या जगात त्याच्या वर काही नसतं.

आता बटणांचं सांगते. कारखान्यात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पूर्वी एकीला मनाचं दुखणं झालं होतं तर तिचं मशीन दाराशी नेऊन ठेवलं, उद्या तिने काही वेडंवाकडं केलं तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून. (ठेवा म्हणणाऱ्यांत मीही होते. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.) गोळीच्या पाकिटावर नाव छापलेलं, आणि फोडताना कडकड आवाज होतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यात पूर्ण गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी त्या सगळ्या घरीच फोडल्या आणि माझ्या मशीनच्या खणात बटणांची एक रिकामी डबी असते तिच्यात ठेवल्या. पांढरी, गोल, कफच्या बटणाएवढी गोळी. दहाच्या चहाला चष्मा कपाळावर ढकलायचा, डबीत बोट घालायचं, पाण्याबरोबर गिळायचं, कुणी बघायच्या आत. हुशारी केली होती, असं मला वाटत होतं.

आमच्याकडे काज-बटण करणारी एक आहे, तिला आपलं-तुपलं कळत नाही. तिच्याकडची बटणं संपत आली की ती ज्याच्या-त्याच्या डबीतून घेते आणि उरलेली ज्याच्या-त्याच्या डबीत टाकते. झालं. मला काय माहीत? मी रोज डबीत बोट घालतेय. दोन दिवस तर मला चक्क बरं वाटलं. मळमळ कमी, हात जरा स्थिर. मी तुमच्या बंधूंना म्हटलंसुद्धा, औषध लागू पडतंय बघा. तिसऱ्या दिवशी ती काजवाली आपल्या जागेवरून ओरडली, कात्रीबाई, ह्या बटणाला भोकंच नाहीत हो. मी तिथूनच म्हटलं, मग तू पाड. आणि तोंडातून शब्द गेल्यावर मी चष्मा डोळ्यांवर घेऊन डबीत बघितलं, तर आत गोळ्यांबरोबर बटणं.

तोवर मास्तर पोचले होते. त्यांनी ते बटण उजेडात धरलं, नखाने खरवडलं, आणि दाताखाली घेतलं. (बटण खरं की खोटं हे बघायची त्यांची तीच रीत.) थू करून म्हणाले, कडू आहे. एकेक मशीन थांबत गेलं. मी उठले. म्हटलं, ते माझं आहे, औषध आहे, डोक्याचं. कुणाला दाराशी मशीन हलवायचं असेल तर आत्ताच हलवा, मला कॉलरी संपवायच्या आहेत. कुणी हललं नाही. काजवालीने गोळी पुसून माझ्या हातावर ठेवली. मास्तर परत कटिंगच्या टेबलाकडे गेले, खडू उचलला, ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, जेवणानंतर घ्या, पोटाला सोपी जाते. हे त्यांना कसं माहीत, हे मी अजून विचारलेलं नाही. माझं मशीन जागेवरच आहे.

पण मग हिशेब लागला ना. डबीतल्या गोळ्या मोजल्या तर दोन जास्त. म्हणजे दोन दिवस मी काय गिळलं? धावत डॉक्टरीणबाईकडे. तिने विचारलं, किती. मी म्हटलं, दोन, चार भोकांची. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाली, आपोआप जातील. म्हटलं, बटणांचं सोडा, मला बटणं गिळून बरं का वाटलं ते सांगा. म्हणजे सगळं माझ्या मनाचंच आहे का? मी नाटक करतेय का? तेव्हा मात्र ती हसली नाही. म्हणाली, औषध दोन दिवसांत अंगातून पुसलं जात नाही, त्रास असाच वरखाली होत कमी होतो, चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, उद्यापासून रोजची एक. आणि गुण यायला अजून दोन-तीन आठवडे लागतील. वन्सं, अजून दोन-तीन आठवडे. तिला बोलायला काय जातं.

परत सुरू केल्यापासून परवा आणि काल हात पुन्हा तसाच थरथरला. आज सुट्टी आहे. तुमचे बंधू दर पंधरा मिनिटांनी येऊन, आता कसं वाटतंय, विचारून जातात. मी गोळी समोर ठेवून हे लिहितेय. मी ठरवलंय, या फेकून द्यायच्या. पूर्वीची मी निदान माझ्या ओळखीची होते. ही जी जांभया देत, इस्त्रीला घाबरत बसली आहे ती कोण आहे मला माहीत नाही, आणि तिच्याबरोबर अजून तीन आठवडे काढायची माझी छाती नाही. तुम्हाला कळवावं म्हणून कळवलं.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांगा. लहानांना काही सांगू नका, ती ऐकत नाहीत.

तुमची भावजय

ता. क. — वर फेकणार लिहिलंय ते खोडणार होते, पण खोडलं की पान घाण दिसतं. फेकल्या नाहीत. आत्ता जेवून एक घेतली.

ता. क. दुसरं — पत्राचं कारण लिहायचं राहिलं. सतरा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात तेव्हा तुमच्या पिशवीत गोळ्या होत्या. मी पिशवी उघडून बघितली होती. तुम्ही दुपारपर्यंत पडून असायचात आणि मी तुम्हाला म्हणाले होते की ही रिकाम्या माणसांची दुखणी आहेत, चार कॉलरी लावा, सगळं जाईल. तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात. तुमचे बंधू त्यावर एक शब्द बोलले नाहीत म्हणून मी बरोबर होते असं मी सतरा वर्षं समजत आले. माझं चुकलं. आता विचारते ते एवढंच, की तुम्हाला कितव्या दिवशी बरं वाटायला लागलं? खरा दिवस लिहा. मला बरं वाटावं म्हणून अलीकडचा लिहू नका.

ता. क. तिसरं — फोन करू नका, फोनवर मी ओरडेन, मला दुसरं बोलता येत नाही. पण यायचं असेल तर या. तुम्ही तेव्हा चहाचा कप हातात न धरता खाली ठेवून वाकून प्यायचात आणि मला वाटायचं हे काय नखरे. या वेळी मी कप अर्धाच भरीन, म्हणजे हातात धरता येईल. माझाही सध्या अर्धाच असतो.