मधल्या खोलीपर्यंत

१९ मार्च

प्रिय भिंगरे,

अनेक आशीर्वाद. तू, तुझे अहो आणि पिल्लं मजेत असाल. पायाची भिंगरी जरा थांबली असेल तर निवांत बसून वाच. इकडे उन्हाळा लवकर लागला, दुपारी गॅलरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही. वरच्यांचं गळणारं न्हाणीघर अखेर दुरुस्त झालं. माझं ऑफिस तेच, साहेब तेच, साहेबांचे विनोदही तेच. आई ठीक आहे.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तुला घाई असते आणि मला रडू येतं.

माझा नितळ गालांचा फोटो बघून तू विचारलंस, "या वयात कोणासाठी गं हे सगळं?" रागावले नाही. ऑफिसातही शेजारच्या टेबलावरची म्हणालीच, म्हातारचळ लागायला अजून अवकाश आहे की तुम्हाला. सगळे हसले, मीही हसले.

माझे वांग तुला आठवतातच. दोन्ही गालांवर, आजीला होते तिथेच आणि तेवढेच. थोरली बापाच्या आईवर गेली, असं सगळे म्हणायचे. तू आईवर गेलीस, सुटलीस.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून गाल पाहिले आणि म्हणाल्या, "वरवरच्या पीलनं हे जायचे नाहीत. मधल्या खोलीपर्यंत जावं लागेल." मी पर्स उचलली आणि आतल्या दाराकडे चालू लागले. त्या हसत सुटल्या. "अहो ताई, ही खोली नव्हे! कातडीची खोली. ॲसिड किती आत उतरवायचं, ते." माझी पण हसून पुरेवाट झाली. मनात मात्र म्हटलं, बाई, मला मधल्या खोलीतच पोचायचंय.

आपल्या मधल्या खोलीत आई असते.

आई ठीक नाही, भिंगरे. "विसरते हल्ली" एवढंच मी तुला सांगत आले. पण ती मला विसरलेली नाही. ती मला सासूबाई समजते. मी ताट घेऊन दार उघडलं की धडपडत उठून उभी राहते, पलंगाची कड धरून. "चुकलं माझं," म्हणते, "पुन्हा नाही होणार." काय चुकलं ते तिलाच ठाऊक नसतं. "आई, मी तुझी लेक," म्हटलं की आणखी घाबरते. गोड बोलून कोंडीत पकडायची आजीची खोडच होती ना. मग मी भरवायचे आणि ती डोळे घट्ट मिटून घास घशाखाली लोटायची. सासूबाईंचा हुकूम म्हणून. जिनं मला भरवलं, तिला मी रोज भीती भरवत होते.

एकदा, फक्त एकदा, तिनं मला बघून न दचकता जेवावं. कळलं का कोणासाठी ते?

पीलचं, म्हणजे ॲसिडनं कातडी सोलण्याचं, काही विचारू नकोस. तोंडाशी पंखा धरून बसवतात, तरी आग आग होते. मग चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा पडतो. त्या पांढऱ्यावरून ॲसिड कुठवर पोचलं ते कळतं म्हणे. नंतर कातडी तपकिरी होऊन आवळली आणि सुटायला लागली, आधी तोंडाभोवतीची. माणूस तोंडच जास्त हलवतो म्हणून, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी तर कोणाशी बोलतही नव्हते. तोवर आईचं सगळं सांभाळायला ठेवलेल्या मावशी बघत होत्या, त्या दिवसभर असतात. त्यांनीच चमचा-चमचा पेज कशीबशी पाजली.

मग नवा, गुलाबी चेहरा घेऊन मी आत गेले.

आई दचकली नाही. "या, बसा ना," म्हणाली. भिंगरे, मी चमचा भरून पुढे केला. तिनं तो हलकेच बाजूला केला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सासूबाई कुठे आहेत हो? बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

मी म्हटलं, "गेल्या त्या. आता नाही यायच्या. तुम्ही निवांत जेवा." स्वतःच्या आईला तुम्ही म्हणाले मी.

"असं कसं?" ती म्हणाली. "त्या जेवल्याशिवाय मी कशी जेवू?"

तेव्हापासून ती दाराकडे बघत बसली आहे. आता मावशींच्या हातूनही घेत नाही. ओठ ओले करण्यापुरतं पाणी पिते. उशीवर डोकं ठेवलं तरी उशीला खड्डा पडत नाही. आपले डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतात. काजळानं गालांवर डाग काढूनही पाहिले मी. तिनं बोटानं पुसले आणि "तोंड धुऊन या" म्हणाली, अगदी मायेनं. करायला गेले काय आणि झालं काय.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उन्हात जाऊ नका, वांग परत येतील, आधीपेक्षा गडद येतील. क्रीमची ट्यूब मी कचऱ्यात टाकली. ऑफिसातून रजा घेतली आहे. दुपारी गॅलरीत तोंड वर करून बसते. समोरची शेजारीण पडदा सारून बघते. तिला वाटतं मला वेड लागलं, आणि तिचं फारसं चुकत नसावं. आज उजव्या गालावर सावलीसारखं काहीतरी दिसलं. साबणानं धुतलं, गेलं नाही. खरंच आलंय की हवं आहे म्हणून दिसतंय, कळत नाही. तोवर आई थांबेल का, तेही कळत नाही.

तू ये. तुला ती कोण समजेल देव जाणे, पण ये. पिल्लांना पापा.

ऊन गॅलरीत आलंय, थांबते.

तुझी ताई,
आणि ऊन पावलं तर आईची सासूबाई