तळ लागला

दि. १ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र अक्षर लावत लावत तीनदा वाचलं. तुझ्या बापाला म्हटलं, पोरगी जमिनीला टेकू देते, तू भिंतीत एक खिळा ठोकून दाखव. मऊ मातीत भोक पाडून सिमेंट कालवून भरायचं, खांब फार ताठ नको, लिबलिबीतही नको, म्हणजे त्याने आणि मातीने मिळून भार घ्यायचा. एकदम पटलं बघ. संसार तोच, फक्त तुझे आजोबा ताठ निघाले.

आणि तुम्ही बांधताय ती शाळा माझ्या माहेरच्या गिरणीमागे! अगं, तिथे तळं होतं. मी कपडे धुवायला जायची. माझ्या लग्नाच्या वर्षी बुजवलं. पडक्या भट्टीच्या विटा गाड्या भरभरून ओतल्या, वरून माती लोटली. गुडघा बरा आहे. माझी आठवण काढत जा.
तुझी आजी

दि. ५ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.
पत्र वाचून हसले, मग हसू गेलं. बाकी सगळीकडे नऊ मीटरवर कडक थर लागला. एका कोपऱ्यात अकरा खांबांना ड्रिल साडेचारवरच अडलं. तिथे थर वर आला असेल असं समजून मी नोंदवहीत ‘तळ लागला’ लिहिलं, सही केली. त्या तुझ्या विटा असतील, तर खाली चिखल तसाच आहे. पंधरा तारखेला वर काँक्रीट पडणार. साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल. त्या कोपऱ्यात बालवर्ग आहे. कुणाला बोलू नकोस. आजी, तुला नक्की आठवतंय ना? ते तळं दुसरीकडे नसेल?
तुझीच,
भिंगरी

दि. ८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. तळं तिथेच होतं. तू असं का विचारलंस ते कळलं मला. म्हातारीची आठवण चुकली म्हटलं असतं, तर तुझी सही वाचली असती आणि मला कोणी बोललं नसतं. तसं लिहायला बसलेही होते. पण त्या चिखलात मी कमरेपर्यंत रुतले आहे गं. पाय सोडत नाही तो.

तू खोटं लिहिलं नाहीस, खात्री न करता लिहिलंस. तेवढंच सांग. मी बारा तारखेला येते. तुझ्या बापाला म्हटलं नातीची आठवण येते, तर खुळ्याचे डोळे भरले. जागा मी दाखवेन, पण साहेबांशी बोलायचं तू, माझ्या पदराआडून नाही. मी येण्याचंच तिकीट काढलंय. परतीचं एक काढायचं की दोन, ते साहेबांचं ऐकून ठरवू.

माया आटू देऊ नकोस.
तुझी आजी