उरलेले पाच किलो

किन्हवली
४ ऑगस्ट २०२५

चि. शेखरास ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले की घरातले सगळे कान टवकारतात, म्हणून लिहिते. तुला मूत्रपिंड द्यायचं तर डॉक्टरांनी मला बारा किलो उतरवायला सांगितले. सात उतरले आणि दीड महिना काटा जागचा हलत नाय. भात सोडला. दोन भाकरींची एक केली, आता अर्धी. रोज सकाळी तासभर चालते. परवा तुझ्या भावोजींनी विचारलं, चोरून खातेस का. हसून सोडलं, पण लागलं.

आठवड्यातून तीनदा मुरबाडहून कल्याणला डायलिसिसला जातोस, आणि इथे मी पाच किलोंवर अडून बसलेय. आता संध्याकाळचं जेवणच बंद करते. आरतीला बोलू नकोस, तुझी बायको लगेच रडेल.

लोभ आहेच.
तुझी ताई, चंद्रकला

मुरबाड
९ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शेखरचा सा. न. वि. वि.

जेवण बंद करू नकोस. डायलिसिसच्या ठिकाणी आहार सांगणाऱ्या रेश्मा मॅडम आहेत, त्यांना तुझं पत्रच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ताई चोरून खात नाय, पोट मारते. अंग हलकं झालं की त्याला खाणं लागतंच कमी, म्हणून काटा अडतो. त्यात उपाशी राहिलीस तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि सकाळचं चालणं सोडलं तर बाकी दिवसभर माणूस गळून बसून राहतं. डाळ, अंडी वाढव, आठवड्यातून दोनतीनदा वजन उचल, झोप पुरी घे. थायरॉइडचं रक्तही तपासून घे, म्हणाल्या.

एक खरं सांगतो. काटा अडला हे वाचून मला बरं वाटलं. वाटलं, आता ताईला कापायला नको. मग समोर आरती माझा डायलिसिसला न्यायचा डबा भरत होती, तिच्याकडे बघून लाज वाटली. ताई, तुला दोन पोरं आहेत. तू नाय म्हटलंस तरी मी रागावणार नाय.

राग आला तरी लोभ ठेव.
शेखर

किन्हवली
२२ सप्टेंबर २०२५

चि. शेखरास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून महिनाभर लिहायला बसले नाय. खरंच राग आला होता.

थायरॉइड ठीक निघालं. मॅडमचं खरं होतं, दुपारभर मी खाटेवरून उठत नव्हते. आता दोन वेळा डाळ, अंडं खाते, तांदळाच्या पिशव्या दोन्ही हातांनी उचलते. तुझे भावोजी शेजारी उभे राहून मोजतात. सहा आठवड्यांत दोन किलो गेले. तीन राहिले, ते उतरले की पुढच्या तपासण्या.

परवा डॉक्टरांनी मला एकटीला बसवून विचारलं, कुणाचा दबाव आहे का. मी म्हटलं, आहे, भाऊ नको म्हणतो. ते हसले नायत, लिहून घेतलं. मग म्हटलं, हे पण लिहा, मी त्याचं ऐकणार नाय.

लोभ तुझा, हुकूम माझा.
ताई