मेढ्याला मोटार यायच्या आधी

सातारा, मंगळवार
फेब्रुवारी १९४६

प्रिय आये,

आधीच सांगती, चुका लय असतील, पोटात घाल. एक तर चौथीतनं शाळा सुटली, आन त्यात हे टायपाचं मशीन. एकेक अक्षर हुडकायचं, बोटानं दाबायचं, मग ते कागदावर ठक करून उठतंय. मघापास्नं ळ हुडकत हुते, तो निघाला माझ्या बोटाखालीच. गुंडा शेजारी बसलाय. ओळ सरली की मशीन टिंग करतंय, तेवढ्यासाठी बसलाय. दर टिंगला म्हणतोय, "आक्का, आनिक एक." म्हणून पत्र लांबलं तर त्येला बोल लाव, मला नगं.

हातानं का न्हाई लिवलं म्हणशील. तुला छापील अक्षर लागतंय, हाताचं लागत न्हाई, म्हणून. बाचं लष्करातनं पत्र यायचं तवा मी वाचायची, आन तू चुलीकडं तोंड करून ऐकायचीस. भाकरी करपली तरी उलटायची न्हाईस. हे पत्र मात्र कुणाकडनं वाचून घेऊ नगंस. वेण्णेला धुणं न्हेशील तवा संगं घे आन अक्षराला अक्षर लावून एकटी वाच. तुझ्या नव्या मालकास्नी राम राम सांग. ते वंगाळ माणूस न्हाईत असं आजा म्हणतो. तरी बी एकटीच वाच.

मशीन हाय याकूबभाईचं. तो हंबीरकाकाचा कारकून. हंबीरकाका तुला आठवत असंल, बाचा चुलतभाऊ, पुण्याला कंत्राटदार हाय तो. लढाईत पलटणीला गूळ पुरवून मोठा झाला. सांगलीच्या गूळवाल्यास्नी मराठीत पत्रं धाडावी लागत्यात, म्हणून याकूबभाई हे धूड संगं घेऊन हिंडतो. दुपारी तो जेवायला गेला की मला बसू देतो. मी एवढंच म्हणलं की आईला लिवायचंय. त्यानं पुढचं इचारलं न्हाई, कागद मात्र चांगला जाड दिला.

तर आमी समदी साताऱ्यात हाय, हाटेलात. आजा, आजी, मनू, गुंडा आन मी. काका मोटार घेऊन पलूसला आला आन म्हणाला, म्हातारबाचं डोळं दाखवू, पोरांस्नी चार दिस मोठं गाव बघू दे. आजाला आता भाकरी आन ताट यातला फरक हातानंच कळतोय, म्हणून आजी लगीच उठली. माझ्या मनात आलं, डोळ्याचा दवाखाना तर मिरजंला, आपल्या जवळ. मग उलटं साताऱ्याला कशाला? पर मी बोलले न्हाई. तुला ठावं हाय मी कशी हाय. पाव्हणं आलं की दाराच्या मागं.

हाटेल म्हंजे च्याचं न्हवं. कुण्या सायबाचा जुना बंगला हाय. माडीवरच्या दोन खोल्या, मधी बसायची खोली आन आतच न्हाणी, एवढं समदं आमच्याकडं. आपल्या गल्लीतली तीन घरं म्हसरासकट मावतील. आजीनं पलंगावरची पांढरी चादर बघितली आन म्हणाली, "आगं बया, ही तर मढ्यावरची!" तवापास्नं पलंगावर कुणी चढलं न्हाई. आमी समदी खाली घोंगड्यावर, आन पलंगावर आमच्या भाकरीचं गठुळं झोपतंय. हितं इमामचाचा म्हणून वाढपी हाय. तो सकाळी येतो, पलंग बघतो आन म्हणतो, "म्हातारबा, असलं गिऱ्हाईक बघितलं न्हाई. झोपून उठता तरी चादरीला सुरकुती न्हाई." आजा म्हणतो, "आमची अंगं हलकी हायत."

न्हाणीत चिनीमातीची लांबडी डोण हाय, आंघुळीची. गुंडानं ती बघून इचारलं, "आक्का, म्हसरं कवा आणणार पाण्यावर?" आन आजीनं तर तिथंच तीन इटा मांडून चूल पेटवली, कारण हाटेलाच्या हातचं तिला जाईना. खिडकीतनं धूर निघाला तशी खालनं माणसं बादल्या घेऊन पळत आली. आजी भाकरी थापतच म्हणाली, "बसा, गरम हाय." आता इमामचाचा तिला खाली मुदपाकखान्यात न्हेतो. तिथला खानसामा तिच्याकडनं भाकरी शिकाय बसलाय, आन आजी त्येला म्हणती, "तुझ्या आईनं तुला उपाशी कसा वाढवला रं?"

आजानं वाखाचा भारा संगं आणलाय. गालिच्यावर बसून दावी वळतोय. दिसत न्हाई, पर पीळ चुकत न्हाई. हाटेलवाल्याला गालिच्यातनं वाख येचाय माणूस लावावा लागंल.

मनू खिडकीत बसती. तिथनं मावळतीचं डोंगर दिसत्यात. इमामचाचानं तिला सांगितलं की त्याच्या पल्याड मेढा. तवापास्नं ती तिथनं उठत न्हाई. मी काय म्हणत न्हाई. झाडून घेताना मी बी तिथंच जास्त झाडती.

आता काकीचं सांगती, ती बी काकासंगं हितंच उतरलीया. काकी वंगाळ बाई न्हाई, हे आधी लिवून ठिवती. तिला मूलबाळ न्हाई. गुंडा पळत आला की तिचं हात आपसूक पुढं येत्यात, आन तो वळून मनूकडं गेला की ती ते हात पदराखाली झाकती. मी बघितलेलं तिला कळलं, तवा तिनं मला जवळ बसवून माझी वेणी घातली. चांगली घातली. आये, मला ती आवडली, आन म्हणूनच मला भ्या वाटलं.

कारण डोळ्याच्या दवाखान्याचं नाव कुणी काढंना. तिसऱ्या दिशी शिंपी आला, त्येनं गुंडाचं माप घेतलं. दुसरा माणूस बूट घेऊन आला, ते बी गुंडाच्या पायाचं. मनू म्हणाली, "मला?" काकी म्हणाली, "तुला बी आणू हां." पर मनूचं माप कुणी घेतलं न्हाई. संध्याकाळी काकी दारात हुबी ऱ्हाऊन हाक मारू लागली, "प्रतापराव, ओ प्रतापराव!" गुंडानं वळून मागं बघितलं, म्हणलं कोण पाव्हणं आलं. "आक्का, प्रतापराव कोण?" मला कळलं हुतं. मी त्येचं नाक पुसलं आन म्हणलं, "हितं न्हाई कोण त्या नावाचा."

आयतवारी आप्पासो वकील आलं. मी पलीकडच्या खोलीत दाराच्या मागं हुते, माझ्या नेहमीच्या जागी. वकील बशीत च्या वतून म्हणालं, "दत्तक घ्यायचा तर बाप पायजे. बाप केरनच्या लढाईत गेला. म्हंजे आईनंच द्यायला पायजे. आईनं सोताच्या हातानं पोरगं उचलून तुमच्या मांडीवर ठेवायचं आन दिला म्हणायचं. आजा-आजीनं देऊन चालत न्हाई." काका म्हणाला, "ती तर पाट लावून दुसऱ्याच्या घरात गेलीया." वकील म्हणालं, "गेली तरी आई तीच." त्या वकिलाचं दुसरं काय बी मला आवडलं न्हाई, पर एवढं आवडलं.

मग काका आजाकडं वळला. "आण्णा, इचार करा. पोरगं पुण्यात इंग्रजी शाळंत जाईल. मोठा हापिसर हुईल. गावाकडं तुमी दोघं त्येला किती दिस पुरणार?" आजाचं हात थांबलं. दावं तसंच मांडीवर पडलं. आजीनं डोळ्याला पदर लावला. कुणीच काय बोललं न्हाई. काकानं टाळी दिल्यागत मांडीवर थाप मारली आन म्हणाला, "चला, म्हंजे ठरलं."

आये, गप बसणं काय असतंय ते मला ठावं हाय. मी जलमभर तेच केलंय. गप म्हंजे व्हय न्हवं. लय बारीला ते उलटंच असतंय, पर तोंडातनं निघत न्हाई. तू गेलीस त्या दिशी मी बी गपच हुते. तू म्हणलीस, पोरांकडं बघ, आन मी निस्ती मान हलवली. तुझं वय न्हवतं रांडावपण काढायचं, आजानंच सोता मेढ्याला जाऊन जमवलं, मला समदं कळत हुतं. तुझ्यावर राग न्हाई. जरा हुता. आता न्हाई.

तर मी दाराच्या मागनं बाहीर आले. कशी आले ठावं न्हाई. म्हणलं, "मी हाय की." समदी इकडंतिकडं बघाय लागली, कोण बोललं म्हणून. आजीला वाटलं मनू बोलली. काका हसला. "तू? आन उद्या तुझं लगीन झालं म्हंजे?"

मी म्हणलं, "संगं न्हेईन त्येला."

"आन नवरा न्हाई म्हणला तर?"

"तर नवऱ्याला ठेवून येईन."

काकीला हसू फुटलं, तिनं तोंडाला पदर लावला. काका न्हाई हसला. म्हणाला, "पोरी, हे तुझ्या हातात न्हाई आन माझ्या बी न्हाई. तुझ्या आईच्या हातात हाय. बिस्तरवारी मोटार धाडतो मेढ्याला."

मोटार येईल तवा माणूस तुला सांगंल, आजा-आजी तयार हायत. ते खरं न्हाई. समदी गेल्यावर आजानं दावं पुन्हा हातात घेतलं आन मला इचारलं, "विजा, मी व्हय म्हणलो का गं?" मी म्हणलं, न्हाई. "मग बरं," म्हणाला आन वळाय लागला. पर काकाच्या तोंडावर तो न्हाई म्हणणार न्हाई. त्याला वाटतंय, आपल्या मोहापायी पोराचं नशीब अडकायला नगं.

आन ते पुण्याच्या शाळंचं सांगतील, ते खोटं न्हाई. शाळा चांगलीच असंल, काकी त्येला फुलागत सांभाळंल. म्हणून तर मी रागानं लिवत न्हाई, दोन दिस इचार करून लिवती. गुंडाला मी जूनला पलूसच्या शाळंत घालणार. मास्तरास्नी मीच सांगणार, दाराच्या मागनं न्हाई, म्होरं हुबी ऱ्हाऊन. ऊस आकारामकाका वाट्यानं करतोच हाय, त्येची भांगलण मी करती. आजाला दावी वळाय डोळं लागत न्हाईत, तरी बी दवाखान्यात मी त्येला मिरजंला न्हेणार, मोटार नगं, आगगाडीनं. मनू भाकरी थापाय लागली, वाकडी थापती पर फुगती. आमचं मोठं काय न्हाई, पर आमी पाची जण एका घोंगड्यावर मावतो. हितं एवढे पलंग हायत आन गुंडा झोपेत हात लांब करून माझा कानच हुडकतोय. कान धरल्याबिगर त्येला झोप येत न्हाई. आधी तुझा धरायचा. पुण्यात तो कुणाचा कान धरंल? काकीचा धरंल बी, पोरगंच ते. पर मनू आन मी तवा कोण त्येची, चुलत बहिणी? असलं नातं मला नगं.

पत्र लिवायचं कारण आता सांगती. वाचताना हितवर आलीस म्हंजे बाकीचं समदं कळलं असंल. बिस्तरवारी मोटार आली की न्हाई म्हणू नगंस. बस तीत आन ये. बरं लुगडं नेस. हितं मधल्या खोलीत समदी बसलेली असतील, काकी पाटावर, हिरवं लुगडं नेसून. वकील तुला म्हणतील, पोराला उचल. तवा उचल. दोन वरसं झाली, त्येला तुझं तोंड याद न्हाई, मी सांगून सांगून ठिवलंय तेवढंच हाय. पयल्यांदा तो लाजंल, मग तुझा कान धरंल. त्यानंतर कुणी काय बी म्हणू दे, वकील म्हणू दे, काका आवाज चढवू दे, काकी रडू दे, तुला बी रडू येऊ दे, तू त्येला खाली ठेवू नगंस. मांडीवर देऊ नगंस. निस्ती कडंवर घेऊन हुबी ऱ्हा. तुला तोंडातनं एक सबुद काढाय लागणार न्हाई. बोलायचं ते मी बोलंन. आता येतंय मला.

तुझीच,
विजा

गावाकडं शेजारच्या सिद्धूची नवी सायकल हिरीत पडली. सायकल निघाली, घंटी अजून घावली न्हाई.